मुंबईकरांचा रोजचा प्रवास वयाबरोबर कसा बदलतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई महानगरात राहणाऱ्या माणसाचा रोजचा प्रवास शाळेच्या वयापासून वार्धक्यापर्यंत कसकसा बदलत जातो, याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. गावी जाणे, सहल किंवा यात्रा यांचा येथे विचार केलेला नाही. शाळा, कॉलेज, नोकरी, बाजार, दवाखाना, बँक आणि भेटीगाठी यांसाठी शहरातल्या शहरात होणाऱ्या फेऱ्यांपुरतेच हे विवेचन आहे.

वयाबरोबर प्रवास बदलतो असे म्हणताना नेमके काय बदलते?

दिवसातील फेऱ्यांची संख्या, कापलेले अंतर, घराबाहेर पडण्याची वेळ, वापरलेले वाहन आणि बरोबर कोण आहे, हे सगळे बदलते. मात्र ते एकाच वेळी आणि एकाच दिशेने बदलत नाही. डोंबिवलीहून रोज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, म्हणजे एका बाजूने सुमारे ४८ किलोमीटर जाणारा कर्मचारी निवृत्त झाला की त्याचे अंतर एका दिवसात कोसळते. फेऱ्या मात्र पुष्कळदा वाढतात, कारण पूर्वी घरातील दुसरे कोणी करत असलेली बँकेची, भाजीची, नातवंडांना शाळेत सोडण्याची कामे आता त्याच्याकडे येतात. त्यामुळे ‘वय झाले, प्रवास कमी झाला’ असे सरसकट म्हणता येत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, वय हे स्वतः कारण असण्याचे प्रसंग आपल्याला वाटतात त्यापेक्षा कमी असतात. प्रवास बदलतो तो शाळा बदलल्यामुळे, नोकरी लागल्यामुळे, घर लांब घेतल्यामुळे, मूल झाल्यामुळे किंवा आई-वडिलांचे आजारपण आल्यामुळे. शरीर थकणे हे कारण या यादीत सर्वांत शेवटी येते. मुंबईत मात्र स्थानकांचे जिने आणि रस्ते ओलांडण्याची दैना यांमुळे ते यायला हवे त्याच्या कितीतरी आधी येते.

शाळकरी मुलांचा प्रवास वेगळा मोजण्याची गरज काय? तो तर जवळचाच असतो.

कायद्याने तो जवळचाच असायला हवा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात माध्यम, मंडळ आणि शाळेचा लौकिक पाहून पालक जवळची शाळा ओलांडून पुढच्या शाळेत मुलाला घालतात, आणि चालण्याच्या अंतरावरचे मूल रिक्षाकाकांच्या किंवा शाळेच्या बसच्या हवाली होते.

दुसरे असे की, लहान मुलाच्या एका फेरीमागे मोठ्या माणसाच्या दोन फेऱ्या असतात. आई किंवा आजोबा मुलाला सोडून घरी परततात आणि सुटण्याच्या वेळी पुन्हा जातात. मुलाच्या नावावर दिवसाला दोन फेऱ्या लागतात, तर सोबत करणाऱ्याच्या नावावर चार. मुंबईतील बऱ्याच शाळा सकाळ व दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. एक मूल सकाळच्या आणि दुसरे दुपारच्या अधिवेशनात असेल, तर घरातील एका माणसाचा दिवस साडेसहापासून सहापर्यंत शाळेच्या फाटकाभोवती फिरत राहतो.

मुले एकट्याने कधी जाऊ लागतात?

याला ठरावीक वय नाही. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो की नाही, यावर बरेचसे अवलंबून असते. वसाहतीतूनच शाळेत जाता येत असेल तर चौथीचे मूल एकटे जाते. वाटेत द्रुतगती महामार्ग किंवा रेल्वेचा पूल असेल तर आठवीपर्यंत सोबत सुटत नाही. मुलींच्या बाबतीत हे स्वातंत्र्य आणखी उशिरा मिळते आणि पुष्कळदा संध्याकाळच्या शिकवणीची वेळ आली की परत काढून घेतले जाते.

तिकिटाच्या हिशेबाने रेल्वेची वयोमर्यादा स्पष्ट आहे. ५ वर्षांखालील मुलाला लोकलमध्ये तिकीट लागत नाही आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते.

अकरावीनंतर प्रवास एकदम का वाढतो?

दहावीपर्यंत शाळा वस्तीच्या हिशेबाने निवडली जाते आणि कॉलेज गुणांच्या हिशेबाने, म्हणून. अकरावीचा प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतो; पसंतीक्रम भरताना कांदिवलीचा विद्यार्थी माटुंगा, विलेपार्ले आणि चर्चगेट एकाच यादीत लिहितो आणि प्रवेशाच्या ज्या फेरीत जे हाती लागेल तिकडे निघतो. शाळेपर्यंत चालत जाणारा मुलगा महिन्याभरात रोज ४० ते ५० किलोमीटर करणारा पासधारक होतो. आयुष्यातील कोणत्याही एका वर्षात होणाऱ्या बदलांपैकी हा बहुधा सर्वांत मोठा असतो, आणि त्याची सर्वांत कमी दखल घेतली जाते.

रेल्वेची विद्यार्थी-सवलत याच वयात कामी येते. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनाशुल्क देण्याची रेल्वेची तरतूद आहे, तर इतर विद्यार्थ्यांना पासात सवलत मिळते. त्यासाठी कॉलेजच्या कार्यालयातून सवलतीचा फॉर्म घ्यावा लागतो आणि पासावर फक्त घर ते कॉलेज एवढीच स्थानके येतात. म्हणूनच या वयातील मुलांचे भटकणेही पासाच्या रुळांवरूनच होते: क्लास, सिनेमा, मित्रांचे अड्डे हे सगळे त्याच मार्गावरच्या स्थानकांभोवती जमते. वांद्र्याला उतरता येते म्हणून वांद्रे ओळखीचे होते. घाटकोपर तेवढ्याच अंतरावर असूनही परके राहते.

दुचाकी आणि मोटारीचा परवाना कोणत्या वयात मिळतो, आणि त्याने मुंबईत कितपत फरक पडतो?

५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी वयाची १६ वर्षे आणि इतर दुचाकी व मोटारीसाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. दादर-माटुंग्यापर्यंतच्या जुन्या शहरात परवान्याने फारसे काही बदलत नाही, कारण गाडी उभी करायला जागा नसते. उपनगरांत, ठाण्यात आणि वसई-विरार पट्ट्यात मात्र घर ते स्थानक हा तुकडा दुचाकीवर जातो आणि शेअर रिक्षाची रांग सुटते. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पहिला टप्पा सुरू झालेला किनारी रस्ता, या दोन्हींवर दुचाकीला मनाई आहे. विशीतील बहुसंख्यांचे वाहन दुचाकी असते, तेव्हा शहरातील सर्वांत नवे आणि सर्वांत खर्चिक रस्ते प्रामुख्याने चाळिशी ओलांडलेल्या मोटारवाल्यांच्या उपयोगाचे ठरले, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रवास कसा असतो?

अस्थिर असतो. नोकरी बदलते, घर तेच राहते. जगातील पुष्कळ शहरांत तरुण माणूस नोकरीच्या जवळ भाड्याने खोली घेतो. मुंबईतील भाडी आणि अनामत रकमा पाहता येथे तरुण माणूस आई-वडिलांच्या घरीच राहतो आणि प्रवास वाढवतो. पूर्वी बहुतेक सर्व कचेऱ्या फोर्ट आणि नरिमन पॉइंटकडे असल्याने दिशा तरी ठरलेली होती. आता वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी पूर्व, लोअर परळ, पवई, ऐरोली अशी कामाची ठिकाणे विखुरली आहेत. त्यामुळे सरळ एका गाडीने होणारा प्रवास दोन गाड्या आणि एक रिक्षा असा तुटक होतो, आणि किलोमीटर कमी होऊनही वेळ तेवढाच लागतो.

लग्न आणि मूल झाल्यावर स्त्रियांच्या प्रवासात कोणता फरक पडतो?

या पानावरील सर्वांत मोठे उत्तर याच प्रश्नाला द्यावे लागेल, कारण वयानुसार होणाऱ्या बदलांत स्त्री-पुरुषांच्या वाटा येथेच वेगळ्या होतात.

पुरुषाचा प्रवास मूल झाल्यानंतरही बहुधा घर ते कचेरी आणि कचेरी ते घर असाच राहतो. स्त्रीचा प्रवास तुकड्यांचा होतो. सकाळी पाळणाघर, मग स्थानक, मग कचेरी. संध्याकाळी स्थानकाबाहेर भाजी, औषधाचे दुकान, पाळणाघर आणि घर. एका बाहेर पडण्यात चार-पाच थांबे गुंफलेले असतात. स्पेनमधील नगररचना-अभ्यासक इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी अशा, दुसऱ्यांची काळजी घेण्यासाठी होणाऱ्या सर्व प्रवासाची वेगळी नोंद व्हावी असा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे असे की, पाहणीत या फेऱ्या ‘खरेदी’, ‘वैयक्तिक’, ‘सोबत’ अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरल्या जातात, म्हणून प्रत्येक रकाना किरकोळ दिसतो आणि नोकरीचा प्रवास एकटाच मोठा दिसतो.

संध्याकाळी दादरहून सुटणाऱ्या धीम्या गाडीच्या लेडीज डब्यात हे डोळ्यांनी दिसते. कुर्ला गेले की पिशव्या उघडतात. कोणी मेथी निवडते, कोणी मटार सोलते, साली प्लास्टिकच्या पिशवीत जातात. शेजारच्या दोघी तिसरीला ‘कुठे उतरणार?’ विचारून तिची जागा राखून ठेवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा गाडीतील वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. खरे पाहता संध्याकाळच्या स्वयंपाकातील अर्धा तास येथे उरकलेला असतो, आणि घरी पोहोचण्याच्या वेळेवर एवढा ताण असतो म्हणूनच तो येथे उरकावा लागतो.

याच ताणामुळे बऱ्याच स्त्रिया तिशीत नोकरी बदलतात किंवा सोडतात. जवळची शाळा, जवळचा दवाखाना, जवळचे कार्यालय अशी निवड होते आणि पगार कमी झाला तरी ती स्वीकारली जाते. अंतर घटले म्हणजे सोय झाली असा निष्कर्ष कागदावरील आकड्यांवरून निघू शकतो. प्रत्यक्षात ती कित्येकदा तडजोड असते. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची लोकल सुरू केली, ती गर्दीच्या वेळी. दुपारी दोन वाजता अर्धवेळ नोकरीवरून परतणाऱ्या, कडेवर मूल असलेल्या बाईच्या सोयीचा विचार वेळापत्रकात अजूनही अभावानेच आढळतो.

चाळिशी-पन्नाशीत प्रवास स्थिरावतो, असे म्हणतात. ते खरे आहे का?

वेळापत्रकापुरते खरे आहे. या वयातील प्रवाशाची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, दाराची बाजू ठरलेली आणि गटही ठरलेला असतो. अंतर मात्र याच वयात बहुतेकांच्या बाबतीत सर्वाधिक असते, कारण स्वतःचे घर याच सुमारास होते आणि ते परवडते तेथे, म्हणजे विरार, बदलापूर, टिटवाळा किंवा पनवेलकडे होते. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर आहे. गाडीत बसायला मिळावे म्हणून आधी उलट दिशेने जाऊन, सुटण्याच्या स्थानकावरून ‘रिटर्न’ येण्याची पद्धतही याच वयात रूढ होते. विशीतला माणूस दारात उभा राहतो, पंचेचाळिशीतला पंधरा मिनिटे जास्त देऊन खिडकी मिळवतो. पहिल्या वर्गाचा पास काढण्याचा निर्णयही पगारवाढीपेक्षा गुडघ्यांमुळे आणि कंबरेमुळे जास्त वेळा होतो.

याकोव झहावी या अभ्यासकाने १९७० च्या दशकात असे मांडले होते की, निरनिराळ्या शहरांत माणसे प्रवासावर सरासरी दिवसाला तासाभराच्या आसपासच वेळ घालवतात. वाहन वेगवान झाले की वेळ वाचत नाही, घर लांब जाते. चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ मध्ये हीच कल्पना पुढे नेली. सरासरी म्हणून ही मांडणी उपयुक्त आहे, पण त्या सरासरीत घरी असणारे, शाळकरी आणि म्हातारे सगळेच येतात. बदलापूरच्या पन्नाशीतील नोकरदाराला ती वाचून दाखवली, तर तो एवढेच विचारील की तास जाण्याचा की येण्याचा.

निवृत्तीनंतर प्रवास थांबतो का?

थांबत नाही, त्याची वेळ आणि पल्ला बदलतो. निवृत्त माणूस सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ हे गर्दीचे काळ टाळतो आणि अकरा ते चारच्या दरम्यान बाहेर पडतो. दिवस मावळल्यानंतरचा प्रवास तो हळूहळू सोडून देतो, आणि त्यामागे दृष्टी, खड्डे आणि पदपथावरील अडथळे ही कारणे असतात. पल्ला कमी झाला तरी घराभोवतीच्या एक-दोन किलोमीटरमध्ये चालणे वाढते: सकाळचा फेरफटका, दूध, देऊळ, कट्टा, वाचनालय.

गर्दी टाळण्याची ही मुभा एका बाबतीत मात्र मुळीच मिळत नाही, ती म्हणजे रुग्णालय. परळचे केईएम, टाटा स्मारक, शीव, नायर किंवा जे. जे. येथे तपासणीला जायचे तर केसपेपरची रांग सकाळी लागते. वसईचा किंवा अंबरनाथचा सत्तरीतला रुग्ण रांगेत वेळेवर उभा राहण्यासाठी साडेसातच्या गाडीत, ऐन गर्दीत चढतो. ज्या वयात माणसाने गर्दीच्या वेळी प्रवास करू नये, त्याच वयात त्याचा सर्वांत निकडीचा प्रवास गर्दीच्या वेळी होतो, आणि तोही मुलाला किंवा सुनेला रजा काढायला लावून. रुग्णालयांनी लांबून येणाऱ्या ज्येष्ठांना दुपारची वेळ नेमून दिली, तर वाहतूक सुधारण्यावर एक रुपयाही न खर्चता मोठा फरक पडेल, असे या लेखकाचे मत आहे.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ‘निवृत्तीनंतर’ हा शब्दप्रयोग नोकरदारांचा आहे. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईचा बाजाराचा, शाळेचा आणि दवाखान्याचा प्रवास अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी कोणी थांबवत नाही. उलट नातवंडे आली की तो नव्याने सुरू होतो. घरकामाला जाणाऱ्या बायका आणि फेरीवाले यांनाही निवृत्तीचे वय नसते. पहाटेच्या गाडीत माल घेऊन चढणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसे सर्रास दिसतात.

ज्येष्ठ नागरिक लोकल टाळून बस किंवा रिक्षा का पसंत करतात?

लोकलच्या डब्यात बसल्यावर फारसा त्रास नसतो. त्रास डब्यापर्यंत पोहोचण्यात आणि डब्यातून उतरण्यात असतो. पादचारी पुलाचे जिने चढून जायचे, फलाट आणि पायदान यांतील अंतर सांभाळायचे आणि गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते तेवढ्यात उतरणाऱ्यांच्या लोंढ्यातून आत शिरायचे. सरकते जिने आणि उद्वाहने अनेक स्थानकांवर आली आहेत, पण ती पुलाच्या एका टोकाला असतात आणि आपला डबा दुसऱ्या टोकाला येतो.

बस दाराशी येते आणि बेस्टच्या बसमध्ये ज्येष्ठांना पुढच्या दाराने चढता येते, म्हणून ती बरी वाटते. तिची अडचण थांब्यावर असते: किती वेळ उभे राहायचे याचा भरवसा नसतो आणि बसायला बाक असेलच असे नाही. रिक्षा सोयीची खरी, पण माहीम व शीव यांच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगी नाही, आणि जवळच्या भाड्याला रिक्षावाला नाही म्हणतो. म्हाताऱ्या माणसाचे भाडे बहुतेक वेळा जवळचेच असते.

रस्ता ओलांडण्याचा प्रश्न वेगळाच आहे. सिग्नलची वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत अनेक देशांत आहे. इंग्लंडमधील पासष्टीपुढच्या लोकांच्या एका अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, चालण्याचा सरासरी वेग पुरुषांत ०.९ आणि स्त्रियांत ०.८ मीटर आढळला होता. म्हणजे २४ मीटर रुंदीचा रस्ता २० सेकंदांत ओलांडता येतो असे गणित मांडले, तर ०.८ च्या वेगाने चालणाऱ्या आजीला ३० सेकंद लागतात आणि हिरवा माणूस विझल्यावर ती रस्त्यात असते.

वयानुसार कोणत्या सवलती कोठे मिळतात?

याबाबत सर्वांत जास्त गोंधळ एसटी आणि शहरातील वाहतूक यांची सरमिसळ झाल्याने होतो. एसटीच्या गाड्यांत ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. या सवलती एसटीपुरत्या आहेत. त्या दाखवून बेस्टच्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये चालत नाहीत. वाहकाशी वाद घालून उपयोग होत नाही.

मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिकांवर १ मे २०२३ पासून ६५ वर्षांवरील प्रवासी, बारावीपर्यंतचे विद्यार्थी आणि दिव्यांग यांना भाड्यात २५ टक्के सवलत देण्यात आली. लोकलच्या दुसऱ्या वर्गात ज्येष्ठांसाठी काही आसने राखीव आहेत, पण गर्दीच्या वेळी त्या आसनांपर्यंत पोहोचणे हेच दिव्य असते. या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्यानंतर लोकलमधील एका मालडब्याचे रूपांतर ज्येष्ठांच्या डब्यात करण्याचे काम रेल्वेने हाती घेतले.

आजची साठीची माणसे आणि चाळीस वर्षांपूर्वीची साठीची माणसे सारखाच प्रवास करतात का?

नाही, आणि वयावरून निष्कर्ष काढताना हे विसरले जाते. गिरणगावातील कामगार लालबाग-परळच्या चाळीत राहत होता आणि भोंगा वाजला की चालत गिरणीत जात होता. त्याचा चाळिशीतील प्रवास पायी होता आणि साठीतील प्रवासही पायीच होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या, चाळीतल्या खोल्या अपुऱ्या पडल्या, आणि त्याची मुले डोंबिवली, नालासोपारा, दिवा येथे गेली. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत यांपैकी काही जण पुन्हा नोकरीला येऊ लागले, पण आता लोकलने. तेच वय आणि तेच परळ असूनही बापाचा प्रवास दहा मिनिटांचा आणि मुलाचा दीड तासाचा.

म्हणून साठीच्या आणि तिशीच्या माणसांच्या प्रवासाची आज तुलना केली आणि जो फरक दिसला तो सगळा वयाच्या खात्यावर टाकला, तर चूक होते. त्यातील काही फरक पिढीचा असतो. आज तिशीत असलेल्या बाईला दुचाकी चालवता येते, ॲपवरून गाडी बोलावता येते आणि एकटीने रात्री उशिरा यायची सवय आहे. ती सत्तरीची होईल तेव्हा आजच्या सत्तरीतल्या बाईसारखी घरात बसून राहील, असे मानायला आधार नाही.

मेट्रोमुळे वयानुसारचे चित्र बदलत आहे का?

बदलत आहे, पण सर्वत्र सारखे नाही. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गाने पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडली; त्याआधी हा प्रवास दादरला गाडी बदलून किंवा साकीनाक्याच्या कोंडीतून करावा लागत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका पूर्ण सुरू झाली. उद्वाहन, फलाटाच्या पातळीत उघडणारे दार आणि थंड डबा यांमुळे लोकल सोडून दिलेले ज्येष्ठ प्रवासी मेट्रोत पुन्हा दिसतात. विद्यार्थी मात्र तेवढ्या सहजतेने वळत नाही, कारण लोकलचा पास आणि मेट्रोचे भाडे यांत फार मोठी तफावत आहे. शिवाय मेट्रोचे स्थानक उंचावर किंवा खोल असते आणि तेथून घरापर्यंतचा पदपथ पूर्वीचाच असतो.

ही सगळी माहिती कोठून मिळते? जनगणनेत असते का?

अंशतः असते. २०११ च्या जनगणनेत शेती व गृहोद्योग वगळता इतर काम करणाऱ्यांना कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन विचारले होते. त्यात गृहिणी, विद्यार्थी आणि निवृत्त येत नाहीत, म्हणजे वयाच्या दोन्ही टोकांविषयी ती आकडेवारी गप्प आहे. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात घरोघरी जाऊन फेऱ्यांची विचारपूस झाली होती आणि सुमारे निम्म्या फेऱ्या पायी होतात असे दिसून आले होते. लोकलची छायाचित्रे पाहून मुंबईच्या प्रवासाविषयी मत बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे; पायी चालणाऱ्यांत मुले, स्त्रिया आणि वृद्ध अधिक असतात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाली. तिच्यात ६ वर्षांवरील प्रत्येकाला पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ या काळात अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केले ते विचारले जाते. वयानुसार अभ्यास करणाऱ्यासाठी ही सर्वांत उपयुक्त सामग्री आहे, मात्र दहा मिनिटांची शाळेची किंवा दुधाची फेरी अर्ध्या तासाच्या रकान्यात सहज हरवते.

मोबाइल फोनच्या नोंदींवरून प्रवास कळतो, मग पाहणीची गरज काय?

फोनवरून माणूस कोठे गेला ते कळते. कशासाठी गेला आणि कोणाला बरोबर घेऊन गेला ते कळत नाही. २००८ मध्ये एक लाख फोनधारकांच्या नोंदींवरून असे दिसले की, माणसे थोड्याच ठरलेल्या ठिकाणी पुन:पुन्हा जातात. २०१८ मधील दुसऱ्या एका संशोधनात कोणत्याही काळात माणसाच्या नेहमीच्या जागा साधारण २५ असतात, आणि नवी जागा जोडली गेली की जुनी सुटते, असे आढळले. भारतात मात्र घरातील फोन मुलाच्या नावावर, वापरणारी आजी, आणि बाहेर पडताना तो घरीच ठेवलेला, हे सर्रास चालते; त्यामुळे वयानुसार निष्कर्ष काढताना या नोंदी जपूनच वापराव्या लागतात.

वाहन चालवण्याच्या परवान्यावर वयाचा काय परिणाम होतो?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीपूर्वी काढलेला खासगी वाहनाचा परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. ३० ते ५० या वयात काढलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना १० वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयातील साठीपर्यंत, आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षांसाठी मिळतो. चाळिशीनंतर नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र नमुना १-अ मध्ये द्यावे लागते. वयाची कमाल मर्यादा कायद्यात नाही.

आमच्या घरातील प्रवास कसा बदलतो आहे हे पाहायचे असल्यास काय नोंदवावे?

सणवार किंवा सुट्टी नसलेला एक आठवडा निवडावा आणि घरातील प्रत्येकाने, मुलांनी आणि आजी-आजोबांनीसुद्धा, प्रत्येक फेरीची सुरुवातीची वेळ, ठिकाण, साधन आणि बरोबर कोण होते एवढे लिहावे. पायी केलेल्या फेऱ्या वगळू नयेत. पहिल्या दिवशी हमखास त्याच राहून जातात. दुसऱ्यासाठी केलेल्या फेरीपुढे त्या माणसाचे नाव लिहावे. याशिवाय एक वेगळा रकाना ठेवावा: जायचे होते पण गेलो नाही, आणि का. ज्येष्ठांच्या बाबतीत उपयोगाची माहिती बहुतेक या शेवटच्या रकान्यातच मिळते, कारण जिना, पाऊस किंवा सोबत नसणे यामुळे रद्द झालेली फेरी दुसऱ्या कोणत्याही पाहणीत उमटत नाही. घर बदलण्याचा विचार असेल, तर नव्या जागेपासूनही हीच नोंद आधी दोन दिवस करून पाहावी, आणि ती घरातील सर्वांत वयस्कर माणसाच्या चालीने करावी.